इंजिनाचा श्वास मोकळा ठेवणारी झडप

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीच्या इंजिनात अंगठ्याएवढी एक झडप असते. इंजिनाच्या पोटात साचणारे वायू बाहेर हवेत न सोडता पुन्हा जाळण्यासाठी आत ओढून घेणे हे तिचे काम असून, ते काम सुरळीत चालू असेपर्यंत गाडीच्या मालकाला तिचे अस्तित्वही जाणवत नाही. गॅरेजमध्ये तिला ‘पीसीव्ही व्हॉल्व्ह’ म्हणतात, आणि तिच्याशी जोडलेल्या नळीला ‘ब्रीदर पाइप’. भंडारा जिल्ह्यात ‘एमएच ३६’ क्रमांकाच्या ज्या जुन्या पेट्रोल मोटारी पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावरही नूतनीकरण करून वापरात ठेवल्या जातात, त्यांच्या इंजिनांचे पुढचे आयुष्य ज्या थोड्या भागांवर अवलंबून असते, त्यांत या झडपेचा क्रम बराच वरचा आहे. प्रदूषण रोखणारी उपकरणे म्हणजे मालकाच्या खिशाला भार आणि लाभ मात्र इतरांना, अशी एक सर्वसाधारण समजूत आढळते. ही झडप त्या समजुतीला ठाम अपवाद आहे, कारण ती हवा स्वच्छ ठेवते त्याच कृतीने इंजिनही वाचवते, आणि म्हणून ती वेळेवर बदलणे हे मालकाचे हित आणि गावाचे हित एकाच वेळी साधणारे काम ठरते.

पोटातले वायू येतात कुठून

इंजिनातील प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली सरकतो आणि त्याच्या अंगावर बसवलेल्या धातूच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घासत राहून ज्वलनाचा दाब वरच्या बाजूस अडवून धरतात. ही अडवणूक कधीही संपूर्ण नसते, कारण रिंगा बसवण्यासाठी त्यांच्या टोकांत बारीक फट ठेवावीच लागते, आणि त्या फटीतून तसेच रिंगेच्या कडेने थोडा वायू प्रत्येक फेऱ्यात खाली निसटतो. तो ज्या पोकळीत उतरतो तिला क्रँककेस म्हणतात. पिस्टनांची सरळ हालचाल गोल फिरण्यात बदलणारा क्रँकशाफ्ट याच पोकळीत असतो आणि तिच्या तळाशी, ज्याला मिस्त्री ‘चेंबर’ म्हणतात त्या भागात, इंजिन ऑइल साठलेले असते. या निसटलेल्या वायूलाच भारतीय गॅरेजांत ‘बॅक कॉम्प्रेशन’ असे नाव रूढ झाले आहे. नव्या इंजिनात त्याचे प्रमाण अल्प असते आणि रिंगा व सिलिंडर झिजत गेल्यावर ते वाढत जाते, त्यामुळे जुन्या गाडीतील झडपेवर नव्या गाडीतील झडपेपेक्षा अधिक भार पडतो.

निसटलेल्या वायूत न जळलेल्या पेट्रोलची वाफ मोठ्या प्रमाणात असते, त्याखेरीज जळालेले वायू आणि पाण्याची वाफ असते. पेट्रोलमधील हायड्रोजनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी तयार होते, आणि हिशेब मांडला तर एक लिटर पेट्रोल जळाल्यावर जवळजवळ एक लिटर पाणी निर्माण होते. त्याचा बहुतांश भाग वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून निघून जातो, परंतु जो अंश रिंगांवाटे खाली उतरतो तो थंड धातूला लागून पाण्यात बदलतो आणि ऑइलमध्ये मिसळतो. पाणी, पेट्रोलची वाफ, नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून बनणारी आम्ले आणि उष्णतेने जुने झालेले ऑइल यांच्या मिश्रणातून काळा, चिकट गाळ तयार होतो, जो ऑइलच्या बारीक वाटा बुजवतो आणि बेअरिंगांना वंगणापासून वंचित ठेवतो. शिवाय वायू साचत राहिल्याने क्रँककेसमधील दाब वाढतो, आणि घट्ट झाकण बसवलेल्या भांड्यातील वाफ जशी कडेच्या फटीतून वाट काढते, तसे ऑइल सीलांमधून आणि पॅकिंगच्या कडांनी ऑइल बाहेर ढकलले जाते.

उघड्या नळीपासून झडपेपर्यंत

मोटारींच्या पहिल्या अर्धशतकात या वायूंची विल्हेवाट अगदी सरळ पद्धतीने लावली जात असे. क्रँककेसमधून एक नळी काढून तिचे तोंड गाडीखाली रस्त्याच्या दिशेने सोडलेले असे, आणि गाडी धावू लागली की खालून वाहणाऱ्या हवेमुळे नळीच्या तोंडाशी दाब कमी होऊन वायू बाहेर खेचले जात. गाडी उभी असताना किंवा हळू चालताना ही ओढ जवळजवळ नाहीशी होई, आणि जे बाहेर पडे ते सर्वच्या सर्व हवेत मिसळे. दुसऱ्या महायुद्धात पाण्यातून आणि दाट धुळीतून जाणाऱ्या रणगाड्यांच्या इंजिनांना असे उघडे तोंड परवडणारे नव्हते, म्हणून क्रँककेस बंदिस्त ठेवून तेथील वायू इंजिनानेच ओढून घ्यावेत अशी रचना पुढे आली.

नागरी मोटारींत ही रचना येण्यास हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न कारणीभूत झाला. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर साचणाऱ्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचा उलगडा आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या आरंभी केला. न जळलेल्या इंधनातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते तयार होते, असे त्याने दाखवून दिले. पुढील तपासणीत असे आढळले की कोणतेही नियंत्रण नसलेल्या मोटारीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनांचा सुमारे पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे, तर क्रँककेसच्या या उघड्या नळीतून येतो. त्यानंतर कॅलिफोर्निया राज्यात १९६१ सालच्या मोटारींपासून आणि संपूर्ण अमेरिकेत १९६३ सालच्या मोटारींपासून ही वायुवीजन (पीसीव्ही) झडप बसवली जाऊ लागली. मोटारीवर सर्वत्र बसवले गेलेले प्रदूषण-नियंत्रणाचे पहिले साधन म्हणून तिचा उल्लेख होतो. सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यानंतर सुमारे दीड दशकाने आला.

भारतात पेट्रोल मोटारींच्या उत्सर्जनाचे पहिले निकष १९९१ मध्ये लागू झाले, आणि १९९६च्या अधिक कडक निकषांत क्रँककेसमधील वायू बाहेर सोडण्यास वाव ठेवला गेला नाही. २००० सालापासूनच्या ‘भारत स्टेज’ मालिकेतही नव्या मॉडेलला मान्यता देताना क्रँककेसची स्वतंत्र चाचणी घेतली जाते, आणि अशा चाचण्या करणाऱ्या देशातील प्रमुख संस्थांपैकी एक, १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यात आहे. याचा अर्थ असा की आज पंधरा-वीस वर्षे वयाची असलेली पेट्रोल मोटार कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिची क्रँककेस बंदिस्तच होती. नंतर ती उघडी पडली असेल तर ते देखभालीतील उणिवेमुळे.

झडपेचे चालणे

इंजिन जेथून हवा आत घेते त्या नळकांड्याला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात, आणि तेथे येणारी हवा थ्रॉटल नावाच्या पडद्याने कमी-जास्त केली जाते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटल जवळजवळ बंद होतो, पिस्टन मात्र हवा ओढतच राहतात, आणि त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये मोठी निर्वात ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, निर्माण होते. वायुवीजन झडप या मॅनिफोल्ड आणि क्रँककेस यांच्यामध्ये बसवलेली असते. एअर फिल्टरमधून गाळलेली थोडी हवा एका नळीने टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाखाली, शिरते, क्रँककेसमधून फिरून तेथील वाफ आणि वायू सोबत घेते आणि झडपेतून मॅनिफोल्डमध्ये जाऊन पेट्रोलच्या मिश्रणाबरोबर जळते.

झडपेच्या आत निमुळता दट्ट्या आणि त्याला मागे रेटणारी हलकी स्प्रिंग एवढेच असते, पण त्यांची जुळणी नेमकी असावी लागते. इंजिन स्लोवर, म्हणजे जागेवर मंद चालत असताना ओढ सर्वांत जास्त आणि निसटणारा वायू सर्वांत कमी असतो. त्या वेळी दट्ट्या ओढला जाऊन वाट अरुंद करतो. गाडी मध्यम वेगाने धावत असताना ओढ कमी होते, स्प्रिंग दट्ट्याला मागे सरकवते आणि वाढलेल्या वायूला रुंद वाट मिळते. चढावर किंवा पूर्ण ॲक्सिलरेटरवर ओढ नाममात्र उरते, आणि झडपेतून न मावणारा वायू ताज्या हवेच्या नळीतून उलटा एअर फिल्टरकडे जाऊन तेथून इंजिनात शिरतो. इंजिन बंद असताना, अथवा मॅनिफोल्डमध्ये ज्वाला उलटून ‘बॅक फायर’ झाल्यास, दट्ट्या दुसऱ्या टोकाला बसून वाट पूर्ण बंद करतो, जेणेकरून ज्वाला क्रँककेसमधील पेट्रोलच्या वाफेपर्यंत पोहोचू नये. अलीकडच्या काही इंजिनांत दट्ट्याच्या जागी रबरी पडदा असतो आणि तो टॅपेट कव्हरमध्येच घडवलेला असतो. डिझेल इंजिनांत बहुधा थ्रॉटलची अशी ओढ नसते, म्हणून जुन्या जीप आणि ट्रॅक्टर यांत ही झडप न आढळता साधा ब्रीदर आढळतो; येथील विवेचन पेट्रोल मोटारींपुरते आहे.

भंडाऱ्याची हवा, धूळ आणि वापर

या झडपेची झीज सर्वत्र सारख्या गतीने होत नाही, आणि भंडारा जिल्ह्यातील परिस्थिती तिला अनेक अंगांनी कठीण जाते. वैनगंगेच्या खोऱ्यातील या धानाच्या मुलखात पावसाळ्यात हवेतील आर्द्रता दीर्घकाळ जास्त राहते, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. उन्हाळ्याच्या उष्णतेत बॉनेटखालील रबरी नळ्या आणि झडपेभोवतीची रबरी बुशी कडक होऊन तडकतात, आणि पावसाळ्यात व थंडीत क्रँककेसमधील वाफेचे अधिक पाणी होते.

वापराची पद्धतही महत्त्वाची आहे. घरापासून बाजारापर्यंत, शाळेपर्यंत किंवा वरठीच्या रेल्वे स्थानकापर्यंत अशा जवळच्या फेऱ्यांत इंजिनातील पाणी तापते, पण ऑइल पुरेसे तापत नाही, आणि त्यात मिसळलेले पाणी व पेट्रोल उडून जाण्याइतकी उष्णता मिळण्यापूर्वीच इंजिन बंद केले जाते. नागपूरपर्यंतचा सुमारे ६० किलोमीटरचा सलग प्रवास इंजिनाला म्हणूनच हितकारक असतो, कारण त्यात ऑइल पूर्ण तापून वाफ बाहेर पडते आणि ती ओढून नेण्याचे काम झडप करते. जी गाडी महिनोन्‌महिने केवळ गावात फिरते तिच्या ऑइलच्या झाकणाखाली दुधी रंगाचा फेस दिसू लागला, तर ओलावा साचत असल्याची ती पहिली खूण समजावी. असा फेस हेड गॅस्केट फुटून कूलंट ऑइलमध्ये मिसळल्यानेही येऊ शकतो, म्हणून त्याबरोबर रेडिएटरमधील पाण्याची पातळी उतरते आहे का, हेही पाहिले पाहिजे.

धुळीचा प्रश्न याहून गंभीर आहे. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील मँगनीज खाणींच्या परिसरात खनिजाची वाहतूक चालते, आणि धानाच्या राईस मिल जिल्हाभर पसरलेल्या आहेत. धानाच्या टरफलात सिलिका मोठ्या प्रमाणात असते, आणि टरफल जाळल्यावर उरणाऱ्या राखेत तर तिचाच भाग बहुतांश असतो; सिलिका हा वाळूचाही मुख्य घटक असून धातू घासण्याचा तिचा गुण सर्वपरिचित आहे. वायुवीजनाची नळी तडकलेली असेल, तर मॅनिफोल्डची ओढ एअर फिल्टरला टाळून ही धूळ थेट इंजिनात घेते, रिंगा आणि सिलिंडर झिजतात, झीज वाढली की निसटणारा वायू वाढतो, आणि त्या वाढीव वायूचा भार पुन्हा त्याच झडपेवर येतो. जुन्या इंजिनाचा ऱ्हास अनेकदा याच साखळीने वेग घेतो.

दोष ओळखण्याच्या खुणा

झडप दोन प्रकारे निकामी होते आणि दोहोंची लक्षणे वेगळी असतात. चिकट गाळाने ती बंद स्थितीत अडकली तर क्रँककेसमधील दाब वाढतो. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून आणि क्रँकशाफ्टच्या सीलांतून ऑइल पाझरते, ऑइल मोजण्याची पट्टी आपोआप वर सरकते, आणि एअर फिल्टरच्या डब्यात ऑइलचे डाग दिसतात. याउलट ती उघड्या स्थितीत अडकली किंवा तिची स्प्रिंग सैल पडली, तर स्लोवर गरजेपेक्षा जास्त हवा आत जाते, पेट्रोलचे मिश्रण पातळ होते, गाडी स्लो धरत नाही किंवा मिसिंग करते, आणि ऑइलचे तुषार ओढले जाऊन सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. पडद्याच्या प्रकारात पडदा फाटल्यास शिटीसारखा आवाज येतो आणि चालू इंजिनावर ऑइलचे झाकण ओढून धरल्यासारखे घट्ट वाटते.

येथे एक महत्त्वाचा विवेक करावा लागतो. ऑइल खाणे, निळा धूर आणि सीलांतून गळती ही सर्व लक्षणे झिजलेल्या रिंगांचीही असतात, आणि म्हणून झडप न तपासता इंजिन खोलण्याचा निर्णय घेतला गेल्यास काही शे रुपयांच्या दोषासाठी कित्येक हजारांचा खर्च होऊ शकतो. उलट, रिंगा खरोखरच संपलेल्या असतील तर नवी झडप वाढीव वायूपुढे अपुरी पडते आणि तिला दोष देणे अन्यायाचे ठरते. हा निवाडा अंदाजाने न करता प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून करावा, आणि त्याआधी झडप व नळ्या निर्दोष असल्याची खात्री करावी. हाच क्रम शास्त्रीय आहे आणि स्वस्तही आहे.

तपासणीच्या साध्या रीतीही उपलब्ध आहेत. इंजिन स्लोवर ठेवून झडप तिच्या बुशीतून काढून तिच्या तोंडावर बोट ठेवले असता स्पष्ट ओढ जाणवली पाहिजे. ओढ नसेल तर झडप, नळी किंवा मॅनिफोल्डमधील भोक बुजलेले आहे. ऑइलचे झाकण काढून तोंडावर पातळ कागद ठेवल्यास तो हलकेच खाली ओढला गेला पाहिजे. तो वर उडत असेल तर दाब साचत आहे. दट्ट्याची झडप हलवून पाहिली असता खुळखुळ वाजते, आणि ती न वाजल्यास अडकलेली असल्याचे निश्चित समजावे. मात्र ती वाजली म्हणजे निर्दोष आहे असे नव्हे, कारण थकलेली स्प्रिंगही वाजतेच.

बदलीची रीत

बदलीचे काम इंजिन थंड असताना, आणि पेट्रोलची वाफ जवळ असल्याने विडी, दिवा किंवा कोणतीही ज्वाला दूर ठेवून करावे. प्रथम झडपेची जागा निश्चित करावी. काही इंजिनांत ती टॅपेट कव्हरमधील रबरी बुशीत नुसती दाबून बसवलेली असते, तर काहींत मॅनिफोल्डमध्ये आट्यांनी घट्ट केलेली असते, आणि गाडीच्या पुस्तिकेत ती जागा दाखवलेली असते. नळीची क्लिप पकडीने मागे सरकवून नळी न फाडता फिरवत सोडवावी, मग झडप बाहेर काढावी. जुनी बुशी कडक झाली असल्यास तिचे तुकडे इंजिनात पडणार नाहीत, याची काळजी घेऊन ती काढावी.

त्यानंतरचा भाग घाईत वगळला जातो, पण तोच निर्णायक असतो. मॅनिफोल्डमधील ज्या भोकातून वायू आत जातात ते कार्बनने अरुंद झालेले असते, आणि ते कार्ब्युरेटर क्लीनरच्या फवाऱ्याने साफ केल्याशिवाय नव्या झडपेचा उपयोग होत नाही. नवी झडप त्याच इंजिनासाठी नेमून दिलेल्या पार्ट नंबरची असावी. बाहेरून सारखी दिसणारी दुसरी झडप वेगळ्या मापाची हवा सोडते, आणि स्लोवर इंजिनात जाणाऱ्या हवेचा हिशेब कारखान्याने या मापासह बसवलेला असल्यामुळे नवाच बिघाड उद्भवतो. नळी ऑइल आणि पेट्रोलची वाफ सोसणाऱ्या रबराचीच घ्यावी, कारण पाण्याची साधी नळी फुगते, मऊ पडते आणि आतल्या ओढीने चेपून बंद होते. पेट्रोलमधील एथेनॉलचे प्रमाण आता वाढलेले असल्याने जुन्या रबराबाबत ही दक्षता अधिकच आवश्यक झाली आहे. झडपेवरील बाण किंवा तिचा आकार पाहून दिशा साधावी, कारण उलटी बसवलेली झडप वाट अडवते. आट्यांची झडप ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्ये बेताच्या जोरानेच आवळावी, अन्यथा आटे सुटतात.

शेवटी इंजिन चालू करून सर्व जोडांपाशी हवेचा सूं आवाज येतो का ते ऐकावे आणि स्लो स्थिर झाल्याची खात्री करावी. जुने ऑइल गाळाने भरलेले असेल तर ते फिल्टरसह बदलावे. मात्र वर्षानुवर्षे गाळ साचलेल्या इंजिनात तीव्र फ्लशिंग द्रव घालण्याचा मोह टाळावा, कारण एकदम सुटलेला गाळ चेंबरमधील ऑइल पंपाची जाळी बुजवू शकतो. त्याऐवजी पहिल्या दोन बदल्या कमी अंतरावर केल्यास गाळ सावकाश निघतो. दाबाने आधीच निकामी झालेले सील झडप बदलल्याने सुधारत नाहीत, हेही मालकाला आधीच सांगितलेले बरे.

खाली सोडलेली नळी

अनेक ठिकाणी एअर फिल्टरमध्ये ऑइल येऊ लागले की ब्रीदरची नळी सोडवून तिचे तोंड रस्त्याकडे वळवण्याची आणि मॅनिफोल्डचे भोक बुजवून टाकण्याची पद्धत आहे. फिल्टर स्वच्छ राहतो म्हणून हा उपाय यशस्वी वाटतो, परंतु प्रत्यक्षात त्यामुळे मोटार झडप येण्यापूर्वीच्या रचनेकडे परत जाते. ओढ नसल्याने ओलावा इंजिनातच राहतो, थंड होताना उघड्या नळीतून दमट आणि धुळीची हवा आत येते, आणि न जळलेल्या पेट्रोलची वाफ थेट रस्त्यावर, पायी चालणाऱ्यांच्या आणि सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या श्वासात सोडली जाते.

पीयूसी तपासणीत केवळ सायलेन्सरच्या तोंडाशी वायू मोजले जातात, त्यामुळे खाली सोडलेली नळी त्या यंत्राला दिसत नाही. तरीही झडपेचा आणि या तपासणीचा जवळचा संबंध आहे. भारत स्टेज दोनपूर्वीच्या चारचाकींना स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची ३ टक्के, तर भारत स्टेज दोन आणि तीनच्या चारचाकींना ०.५ टक्का इतकी मर्यादा आहे, आणि ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलेले असेल तर त्याची वाफ झडपेतून इंजिनात जाऊन हे प्रमाण वाढवते. नळी तात्पुरती सोडवल्यावर आकडा लक्षणीय उतरला, तर उपाय नळी कायमची काढण्याचा नसून ऑइल बदलण्याचा आणि पेट्रोल ऑइलमध्ये का उतरते ते शोधण्याचा असतो.

जुनी मोटार चालवणे ही बहुसंख्य कुटुंबांसाठी हौस नसून गरज आहे, आणि ती सांभाळून वापरणे हा साधनांचा सदुपयोगच आहे. त्यासाठी जिल्ह्यात कोणतीही नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी ऑइल आणि फिल्टरच्या यादीत ‘पीसीव्ही आणि नळ्या तपासणे’ अशी एक ओळ मालकाने आग्रहाने लिहून घ्यावी, ज्या गाडीचा पूर्वेतिहास ठाऊक नाही तिची झडप एकदा बदलूनच टाकावी, आणि आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना इंजिन खोलण्याआधी ही तपासणी करण्याची सवय लावली जावी. एवढे झाले तरी अनेक इंजिने अवेळी खोलली जाण्यापासून वाचतील आणि त्यांच्यातून रस्त्यावर सांडणारी पेट्रोलची वाफ इंजिनातच जळून उपयोगी पडेल.